दुपारचं जेवण धरून

सकाळी साडेसात. डॉकयार्डच्या जिन्याखाली
बाई एकट्याच उभ्या. बाकी चौघांनी
आयत्या वेळी नाही कळवलं.
हातातल्या कागदावर माझं नाव त्यांच्या लिपीत,
जणू कुणी दोन खिडक्यांचं घर काढलंय.

यू-चिन. ताइनानच्या. वय विचारायचं नसतं,
त्यांनीच सांगितलं, अडुसष्ट.

मी नेहमीसारखी सुरू झाले.
ही टेकडी, हिच्यावर किल्ला होता.
आता बाग, बागेच्या पोटात पाण्याची टाकी.
इथं आमराई होती, वर्षातून दोनदा फळायची म्हणतात.
इथं बंगला होता. इथं तळं होतं,
नाव अजून तळ्याचंच, पाणी विचारू नका.

बाई वहीत टिपत होत्या. पेन थांबलं.
“तुमच्या शहराला क्रियापद एकच आहे का?”

मग मी बेकरीच्या मागच्या दारानं पाव घेतला,
भट्टीतला, ह्या हातातून त्या हातात उडवत खाल्ला.
डोंगरीत नानखटाई. चुरा त्यांनी रुमालात बांधला,
पुढच्या फुटपाथवर कबुतरांना दिला,
माझं गोदीचं अख्खं प्रकरण चालू असताना.

जेवायला घोगळेबाईंची खानावळ.
परदेशी पाहुण्यांना मी सुरमईच सांगते,
मधला एक काटा, हिशेब सरळ.
यू-चिननी शेजारच्या ताटाकडे बोट केलं. पाला.
म्हटलं, फार काटे.
त्यांनी मान हलवली, तशी आपण
पोहता येतं का विचारणाऱ्याला हलवतो.

एकेक काटा ओठांतून निघाला,
शिवता शिवता तोंडात धरलेली सुई काढावी तसा,
आणि ताटाच्या कडेला ओळीत बसला.
घोगळेबाई गल्ला सोडून बघायला आल्या.
“आमच्याकडच्या माशात दोनशेच्या वर.
आई मोजायला लावायची. पोरं गप्प जेवतात.”
सोलकढीचा दुसरा पेला बिलात आला नाही.

चिनी देऊळ वरच्या मजल्यावर,
जिना इतका उभा की नमस्कार आपोआप होतो.
इथं माझं पाठ असतं: खलाशी, बोटी, उरलेली घरं.
आज बोलले नाही.
त्यांनी पिशवीतून दोन लाकडी चंद्रकोरी काढल्या,
एक बाजू सपाट, एक फुगीर,
कपाळाशी धरल्या, टाकल्या.
दोन्ही सपाट वर.
“देव हसतोय. प्रश्न नीट विचार म्हणतोय.”

म्हटलं, आमच्या गावीही कौल लावतात.
देवाला कळ्या चिकटवायच्या,
उजवी पडली की हो.
“आणि तुमचा देव हसला तर?”
गुरव हसू देत नाही.

पुन्हा टाकल्या. एक उताणी, एक पालथी.
झालं, म्हणाल्या. हो म्हणाला.
काय विचारलंत?
“ही मुलगी मला तिचं घर दाखवेल का.”

आता घर तर वाटेतच असतं.
दर रविवारी तिथं मी गटाला डावीकडे वळवते,
समोरच्या चर्चचा घुमट दाखवत.
बीआयटी चाळ, तिसरा मजला,
बाबा गोदीत क्रेनवर, हे कुठल्या शतकात बसवू?

उजवीकडे वळलो.
इथं, मी म्हणाले, आणि पुढचा शब्द
सवयीनं घशाशी आलेला गिळून,
इथं मी राहते.

आई गॅलरीत सुकट निवडत होती.
दोघींना एकमेकींची भाषा शून्य.
पंधरा मिनिटांनी वर्तमानपत्रावर
सुकटीची डोकी दोन ढिगांत पडत होती.

चहा झाल्यावर, खाली, निघताना, त्यांनी सांगितलं:
एकतीस वर्षं मीही हेच केलं, माझ्या गावात. पाय गेले, सोडलं.
तू चांगली आहेस. पण एक.
माणसांना उन्हात उभं करून इतिहास सांगू नकोस.
आधी सावली शोध.
किल्ला कुठे पळत नाही.