घंटेआधी

दिघ्याच्या आमच्या शाळेत घंटा म्हणजे
रुळाचा हातभर तुकडा, तारेने टांगलेला,
आणि एक दांडकं. देणारी मी.
एकोणीस वर्षं. कधी मिनिटभर चुकलेही असेन,
चहा उतू गेला म्हणून.

ऑगस्टात कातळपाड्यावर डोंगराची कड सुटली.
आमच्या पटावरची अकरा मुलं त्या गल्लीतली.
नऊ परत आली.
दोन नावं बाई हजेरीत वाचत नाहीत,
खोडतही नाहीत.
तिथे आल्या की जरा खोकतात.

मग मंगळवारी, शुक्रवारी वैती मॅडम येऊ लागल्या.
त्यांना खोली कुठली द्यायची?
शेवटी खिचडीच्या तांदळाची कोठी निघाली.
पोती एका भिंतीला सरकवली,
दारावर खडूने लिहिलं ‘समुपदेशन कक्ष’.
दुपारपर्यंत सहावीच्या पोरांनी
त्याचं ‘समोसा कक्ष’ केलं.
मॅडमनी ते पुसू दिलं नाही.

मला वाटायचं, बोलून काय होणार?
आणि त्या तर बोलतही नसत फारसं.
बालाजी घोडके, दुसरी ब,
दप्तर पाठीवरून काढायचाच नाही.
बूटही नाही.
दाराला टेकून बसायचा, अर्धा आत, अर्धा बाहेर.
मॅडम त्याच्याशेजारी फरशीवर
ताटात तांदूळ घेऊन खडे निवडायच्या.
तोही निवडायला लागला.
असे तीन आठवडे.
माझं तेवढं काम वाचलं, एवढंच कळलं मला.

मोठ्या बाई म्हणाल्या, खिडकीतून डोंगर दिसतो,
तो तांबडा ओरखडा दिसतो, कागद लावून टाका.
मी खळ करून लावला.
दुसऱ्या दिवशी शबनूरने नखाने भोक पाडलेलं,
बरोबर तिच्या डोळ्याच्या उंचीवर.
रागावले तर म्हणाली,
‘तो हलला तर कळायला नको?’

एका शुक्रवारी मॅडम म्हणाल्या,
‘मावशी, घंटा द्यायच्या आधी
दुसरी बमध्ये डोकावून सांगाल का,
आता वाजणार आहे म्हणून?’
मी हसले. घंटा काय सांगून द्यायची असते?
त्या म्हणाल्या,
‘त्या रात्री कुणी सांगितलं नव्हतं.’

तेव्हापासून दिवसातून आठ वेळा
हे गुडघे घेऊन जिना चढते.
‘वाजणार हं आता.’
तिघं कानांवर हात ठेवतात,
मग उरलेला सगळा वर्गच ठेवतो,
ज्यांच्या घराला काही झालं नाही तीसुद्धा.
बेलापूर रोडवरच्या डंपरला मात्र
कोण सांगणार?
तो येतो तसा येतो. बाकं थरथरतात.
बाई फळ्याकडे पाठ करून थांबतात,
तो जाईपर्यंत.

अंगणात पाइपने पाणी मारणंही सोडलं मी.
ओल्या मातीचा वास आला की शबनूर ओकायची.
आता शाळा सुटल्यावर, मगाने, थोडं थोडं.
हे मला कुणी शिकवलं नाही.

डिसेंबरात बालाजी व्हरांड्यात आला.
‘मी देऊ?’
वेळ झाली नव्हती. तरी दांडकं दिलं.
त्याने लगेच वाजवली नाही.
आधी वर जाऊन वर्गात सांगून आला,
मग कोठीत मॅडमना,
मग कठड्याशी उभा राहून
डोंगराकडे बघत, हळू,
जसं झोपलेल्या माणसाला सांगतात तसं,
‘वाजणार हं आता.’

आणि दोन्ही हातांनी हाणली.

दहा पन्नास. सुट्टी अकरा वीसची.
अख्खी शाळा डबे घेऊन बाहेर,
खिचडी अजून कच्ची.
मोठ्या बाईंनी विचारलं तेव्हा मी म्हटलं,
घड्याळ पुढे गेलंय माझं.

दप्तर?
ते पाठीवरच होतं.
एका बुटाची नाडी सुटली होती.
मी पाहिली, त्यानेही पाहिली.
बांधली नाही कुणीच.