आकसण्याची सूट

चौतीस वर्षं मी उद्यमनगरात लाकडाचे साचे केले.
पंपाचं पोट, गिअरची पेटी, चरकाचे दात.
सागवान आधी बोटांनी वाचायचं, मग रंधा.
शिरोलीच्या फौंड्रीत माझ्या एका साच्यावरून
पाळीला दोनशे नग पडायचे,
सगळे सख्खे भाऊ.

हे एवढ्यासाठी सांगतोय
की मला कुणी अडाणी समजू नये.

मंगळवार. सकाळचे सव्वादहा.
पडद्यावर खाकी वर्दी, पाठीमागं झेंडा,
आणि माझं पूर्ण नाव, बापासकट:
महादेव दौलू लोहार.
माझ्या आधारवर कुणी पार्सल धाडलंय म्हणे,
त्यात नको ते निघालंय.
"आप जैसे शरीफ आदमी से ये उम्मीद नहीं थी."

तिथंच मोडलो.
चोर म्हणाला असता तर शिवी हासडली असती.
तो शरीफ म्हणाला.

दार लाव म्हणाला, लावलं.
लघवीला जाताना परवानगी मागितली,
माझ्याच घरात, त्रेसष्टाव्या वर्षी.
तपासापुरते म्हणून चार लाख ऐंशी हजार
माझ्याच बोटांनी पाठवले,
ज्या बोटांना केसाएवढा फरक कळायचा.

बाहेर हौसा चटणी कुटत होती.
मुसळ थांबलं.
"कुणाशी कुजबुजताय ओ?"
मी गप्प. पण ती कुठली गप्प बसायला?
कडी कशी निघाली आठवत नाही,
तिखटाच्या हातानं तिनं फोन पालथा घातला.
"फोनवर कुठं अटक असते व्हय?
पोलीस जिना चढून येतात, बूट वाजतात त्यांचे."
बचत गटाच्या वहीत, मागच्या पुठ्ठ्यावर
तिनं कधीतरी आकडा लिहून ठेवलेला,
एकोणीसशे तीस.
तिनंच लावला. माझा हात ऐकत नव्हता.
काचेवर तिच्या अंगठ्याचा लाल ठसा
दोन दिवस मी पुसला नाही.

दुसऱ्या दिवशी बावडा रोडला, पोलिसांच्या बाकड्यावर
बँकेचे कागद मांडीवर,
टोपी भुवयांपर्यंत ओढलेली,
न जाणो गल्लीतलं कुणी दिसलं तर.
शेजारी रेहाना बागवान, कपिलतीर्थात भाजीचा गाळा.
हवालदार बाई तिचा जबाब टिपत होत्या.
"मग तो म्हणाला, आप जैसी शरीफ औरत से..."

मी मान वर केली.
"ये उम्मीद नहीं थी," मी म्हणालो.

ती बघतच राहिली माझ्याकडं.

औरत, आदमी. एवढाच सुटा तुकडा.
आम्हीही ठेवायचो तसा साच्याला,
एक काढायचा, दुसरा बसवायचा.
बाकी तोच झेंडा, तेच पार्सल,
धाप लागल्यासारखा तोच मधला थांबा.
दोन नगांना एकाच जागी भोक पडलं
तर रसाला बोल लावू नये, खोट साच्यात असते.
शिकाऊ पोरांना हे मी किती वेळा सांगितलं असेल,
आणि रात्रभर दोष दिला तो स्वतःच्या धातूला.

हवालदार बाई म्हणाल्या, "काका, लगेच फोन केलात,
म्हणून एक लाख नव्वद अडकवता आले. बाकीचं बघू."
बघू म्हणजे काय ते मला कळतं.
तरी त्यांनी पाण्याची बाटली पुढं सरकवली,
आणि रेहानाबाईंनी आपला रुमाल.

लोखंडाचा रस थंड होताना आकसतो.
म्हणून साचा मापापेक्षा थोडा मोठा घ्यायचा,
फुटाला आठवा हिस्सा इंच,
हे कागदावर नसतं, हाताला ठाऊक असतं.
माणूसही आकसतो. आठ दिवस मी
रंकाळ्याच्या कट्ट्याकडं फिरकलो नाही.

काल गेलो. खोकलो. सांगायला लागलो,
आकड्यासकट, लघवीच्या परवानगीसकट.
कुणीतरी हसलं, हसू दे.
"शरीफ"पाशी आलो तेव्हा
कडेला उभ्या साळोखे मास्तरांनी
चष्मा काढला आणि पुसतच राहिले.

मी काही विचारलं नाही.
बाकड्यावर जरा सरकलो.