रिकाम्या जागेचा दर

टेंडरात लिहिलं होतं:
काळा पाषाण, उंची सात फूट,
अक्षर दीड इंच, खोली तीन सूत,
आणि शेवटच्या नावाखाली
बारा ओळींची जागा कोरी सोडावी.
बायकोला वाचून दाखवलं.
ती भाकरी उलटत म्हणाली,
पंगतीचा आकडा ठरलेला दिसतोय.

कोरेगावच्या अलीकडे आमचं गाव.
चावडीच्या भिंतीत आधीची एक पाटी आहे, इंग्रजीत:
इथून एकशे चार माणसं मोठ्या लढाईला गेली,
अकरा परतली नाहीत.
नावं नाहीत, आकडा आहे.
ती लढाई कुणाची, हे विचारलं असतं
तर साहेबाकडे उत्तर होतंच.
साहेबाकडे असतं.
बसरा कुठे, ते मात्र गावात कुणाला ठाऊक नव्हतं,
आजही नाही;
शाळेच्या नकाशाला नेमकं तिथंच भोक पडलंय.

अक्षरामागे पस्तीस रुपये,
काना, मात्रा, वेलांटी त्यातच धरून.
जोडाक्षराचे दोन धरा म्हटलं
तर ऑडिटवाला म्हणाला, तरतूद नाही.
म्हणून 'लान्स नायक'मधला अर्धा न
मी सरकारला फुकट दिला.
सगळ्यात वर एकच शब्द: राष्ट्ररक्षणार्थ.
माईकवर तो एका दमात निघतो.
दगडात ष्ट्रपाशी माझी छिन्नी दोनदा मोडली.

शिळेचे एक लाख ऐंशी हजार.
अनावरणाला मंत्री येणार, त्यांच्या हेलिकॉप्टरसाठी
शाळेचं मैदान रोलर फिरवून, चुना मारून
नऊ लाख.
पिंगळे ओव्हरसियरला विचारलं, हे कसं काय?
"हेड वेगळं असतं, मेस्त्री."
असेल.
गावातली डोकी तेवढी
कायम एकाच हेडखाली पडतात.

सीमेवर कुणीतरी उभं राहावं लागतं,
एवढं मलाही कळतं.
माझा चुलता राहिला सतरा वर्षं,
गुडघे घेऊन गेला, काठी घेऊन आला,
कुणाबद्दल वाकडं बोलला नाही.
फक्त रेडिओवर "नाइलाजाने" असा शब्द आला
की उठून अंगणात जायचा.
म्हणायचा, नाइलाज कुणाचा ते सांगत न्हाईत बघ.

अनावरणाच्या आदल्या दिवशी
तानुबाई शेडगे आली.
वाचता येत नाही. म्हणाली, आमचा कंचा?
मी तिचं बोट धरून अक्षरात ठेवलं.
सं. प. त.
त-च्या दांडीवरून बोट घसरत
खाली कोऱ्या जागेवर गेलं.
"हितं काय लिवलंय?"
काही नाही, आत्या.
"मग येवढं गुळगुळीत कशापायी केलंय?"

मी पाण्याची बादली उचलली
आणि उगाच आधीच धुतलेला चौथरा धुतला.

बिलात मी एक ओळ वाढवली होती:
कोरी जागा घासणे व पॉलिश करणे, बारा ओळी.
तीन महिन्यांनी साताऱ्याहून कागद आला,
शिक्का सरळ, सही तिरकी:
सदर जागेत मजकूर नसल्याने रक्कम देय नाही.
मजकूर प्राप्त झाल्यावर बिल सादर करावे.

कागद मी फाडला नाही.
हत्यारांच्या पेटीत आहे, तेलाचे डाग पडलेत.

मैदानात अजून चुन्याचा तो गोल आहे,
म्हणून भरतीची पोरं आता रस्त्यावर पळतात.
पहाटे पाचला, अंधारात,
फाट्यापासून शिळेपर्यंत आठशे, परत आठशे.
माझा प्रणितही आहे त्यांच्यात.
घड्याळ माझ्याच हातात देतो.
शिळेला हात लावायचा आणि वळायचं, असा नियम
त्यांनीच केलाय.
नावांना कुणी हात लावत नाही, पाप लागेल म्हणतात.
खालीच लावतात.

उजाडतं तेव्हा पॉलिशवर
ओले पंजे उमटलेले असतात, आठ, दहा,
कधी बारा.
ऊन वर आलं की वाळतात.