जुलैत पाहिलेलं

मोंतेविदेओत जुलै म्हणजे
समुद्राएवढ्या नदीवरून येणारा बोचरा वारा
आणि दोरिलाच्या सायकलदुरुस्तीच्या दुकानावरची माडी.
बावीस खुर्च्या, त्यातल्या एकोणीस धड,
खोकणारा एक प्रोजेक्टर,
आणि दर बुधवारी आम्ही सातआठ जण,
ज्यांना घरी कुणी विचारत नाही, कुठं निघालात.

पहिल्या बुधवारी हंगेरीचा अंतराळपट.
परग्रह म्हणजे खडीची खाण,
हे शेंबडं पोरही सांगेल.
मागून एक ट्रक जातो. दोनदा.
पण अंतराळवीर शिरस्त्राण काढतो,
खिशातून उकडलेलं अंडं काढून सोलतो
आणि टरफलं कुठं टाकावीत कळेना
म्हणून परत खिशात ठेवतो.
तेवढ्यासाठी मी बाकी सगळं माफ केलं.
दोरिला म्हणाली, ट्रक छान होता.

मग फिलिपिन्सचा एक रक्तपिपासूंचा.
तिसरं रीळ हरवलेलं. त्यामुळं
दुसऱ्या रिळात पुरलेली मावशी
चौथ्यात लग्नाच्या पंगतीत भात वाढते,
आणि कुणी काही म्हणत नाही.
आमच्याकडंही अशी माणसं परत आली होती एके काळी.
कुणी काही म्हणालं नव्हतं.

जॉर्जियाचा होता तो दीड तास
एक म्हातारा दाराला निळा रंग देतो.
मी दोनदा झोपले.
दोन्ही वेळा उठले तेव्हा दार ओलंच.
नेल्सा रडली. का ते विचारायचं नाही,
असा माडीवरचा दंडक आहे.

विल्मार सगळ्याच सिनेमांना झोपतो.
चाळीस वर्षं बंदरात क्रेन चालवलेला माणूस,
शेवटच्या रांगेत, टोपी डोळ्यांवर,
थर्मॉस काखोटीला मारून.
दिवा लागला की त्याचं मत सर्वांआधी:
लांबलाय.

कालचा तर इथल्याच बंदरातला.
पन्नासेक वर्षांपूर्वी कुणी इटालियन मंडळी आली,
पैसे संपले, गाशा गुंडाळून गेली.
रबरी ऑक्टोपस, एका तंगडीला शिवण उसवलेली.
नायक किंचाळत मासळीबाजारातून पळतो.
त्याच्या मागं, कोपऱ्यात, कोटातली एक बाई
मासळीवाल्याशी घासाघीस करते आहे.
एकदाच वळून बघते आमच्याकडं,
जशी सुट्टे पैसे आम्हीच द्यायचे राहिलोत.

थांबव, असं कुणीतरी म्हणालं.
विल्मार उभा होता. टोपी हातात.

थांबवलं तर फिल्म जळते, एदिल म्हणाला,
आणि हातानं रीळ उलटं फिरवत बसला.
नायक उलटा पळाला. बाईनं मासळी परत केली.
पुन्हा घेतली. पुन्हा परत.
चार वेळा. चार-चार सेकंद.
कोट तिचाच, विल्मार म्हणाला.
जरा वेळानं: तसा कोट तेव्हा
अर्ध्या शहराकडं होता म्हणा.
आणखी जरा वेळानं:
फोटोत ती नेहमी ताठ उभी. हात कसे हलवायची
ते मी विसरलोच होतो.

पुढं ऑक्टोपसनं शहर गिळलं की नाही,
आम्हाला ठाऊक नाही. शेवटची बस साडेअकराची.

जिना उतरताना एदिलनं भीत भीत विचारलं,
कसा वाटला?
विल्मारनं टोपी घातली, मफलर आवळला.
टुकार, म्हणाला.
दोन पायऱ्या उतरून: पण मासळी ताजी होती.
तिनं शिळी घेतलीच नसती.

पुढल्या बुधवारी मधमाश्यांवरचा आहे म्हणे,
आवाज नाही, डब्यावरची भाषा कुणाला येत नाही.
विल्मारनं फक्त एवढंच विचारून ठेवलंय:
मागं माणसं दिसतात का त्यात?