टोकाचा तुकडा

शनिवारची दुपार. छावणीतले हम्माल पोत्यांवर झोपलेले,
मी एका पितळी घंटेचा हिरवा गंज काढत बसलो होतो.
तो आला. खांद्यावर लांबट कापडी पिशवी.
“गेंदालाल. बडवाहहून आलोय.
मोटारीत कंडक्टरनं हिचंही अर्धं तिकीट फाडलं.”

नाडी सोडली. गळाची काठी, तीन तुकडे.
आधी डोळे मिटून हात लावायचा,
महूच्या एका लिलाववाल्यानं शिकवलेलं:
वार्निश डोळ्याला फसवतं, बोटाला नाही.
बोटांना लागल्या सहा कडा.
म्हणजे अख्खा बांबू नव्हे, तासून चिकटवलेल्या सहा पट्ट्या,
सांधा नखानं शोधावा लागतो इतक्या जवळ.
सालीवर भाजल्याचे तपकिरी डाग.
इकडचाच बांबू, कलकत्त्याहून बोटीनं गेलेला,
तिकडे काठी होऊन साहेबाच्या सामानातून
महूच्या छावणीत उतरलेला.
माहेरी आली ती नाव बदलून.

पितळी सांधे जोडून झटक्यात ओढले,
बाटलीचं बूच निघावं तसा आवाज.
हा आवाज ऐकला की मी मनातल्या मनात हजार वाढवतो.
कड्या अकीकाच्या, एक तडकलेली. वजा.
मूठ काळवंडलेली, पण कुणी घासली नाही. बरं झालं.
काळवंडलेलं चालतं, चकचकीत केलेलं चालत नाही,
हे पटवता पटवता माझे केस पांढरे झाले.

आणि मग टोक.
टोक गोल.
नदीकाठचा साधा बांबू, पेरं तशीच ठेवलेली,
जोडावर पिवळा दोरा, वर लाख.
दोन बोटं आखूड.

मी चष्मा काढला. वाईट सांगताना काढतोच.
“टोक बदललंय. मूळ असतं तर चाळीस हजार.
असं आहे, तर चौदा.”

“बाडसानं मोडलं ते,” तो म्हणाला,
“छत्तीसच्या उन्हाळ्यात. नाव आजा धरून होता.
रात्रीत त्यानं हे बसवलं,
सकाळी ह्याच टोकावर तोच मासा आला.
साहेब मासा घेऊन गेला, काठी देऊन गेला.”

तोच मासा कशावरून?
पुरावा मागणं हाच माझा धंदा. जिभेवर आलं, गिळलं.

“म्हणजे आजाच्या तुकड्याचे वजा सव्वीस.”

हिशोब बरोबर होता.
तीस वर्षांत मी तो कुणाला
इतक्या सरळ सांगितला नव्हता.

काठी जोडली. टोक छताला टेकवून हळूहळू दाबलं.
तिन्ही तुकडे एकाच कमानीत वाकले,
दोऱ्यापाशी कुठेही न अडखळता.
पुन्हा दाबलं. उगाच.

कागदावर मी ‘दुरुस्ती, नंतरची’ एवढंच लिहीत आलोय.
आज नाव विचारलं.
“भग्गू. भग्गू केवट.”
लिहिलं. स्पेलिंग त्यानं दोनदा तपासलं.
किमतीच्या रकान्यात चौदाच.
तो आकडा माझ्या हातात नाही.

पावणेपाचची मोटार गाठायची होती त्याला.
दोन तुकडे पिशवीत गेले,
तिसरा रुमालात, सदऱ्याच्या आत.
विकायची आहे का, हे विचारायचं राहूनच गेलं.
तपासणीचे दोनशे मात्र मी घेतले.
घेतले, हेही इथे लिहून ठेवतो.