आठ डॉलरची खुर्ची

दर गुरुवारी दहा ते एक. आधी फोन करून यायचं.
होलिओकच्या दुसऱ्या कालव्यापलीकडं,
जिथं कागदाच्या गिरण्या होत्या नि आता खिडक्यांना फळ्या आहेत,
सरकारी शाळेच्या मागच्या दारानं आत.
डावीकडं पोरं गाड्यांचे पत्रे ठोकतात,
उजवीकडं वेल्डिंगचा निळा चटका,
मग पावाचा वास,
आणि मग आरशांची रांग.

मुलगा म्हणालेला, बाबा, बाहेर तीस डॉलर घेतात, इथं आठ.
पण शिकाऊ आहेत, वेळ लावतात.
मला वेळच आहे.

यारित्झा. अकरावीत.
हा आठवडा हातांचा, पुढचा आठवडा भूमितीचा.
भिंतीवर तक्ता, तिच्या नावापुढं सहाशे बारा तास.
हजार भरले की परीक्षा, मग परवाना,
मग मावशीच्या दुकानात स्वतःची खुर्ची,
असं ती माझ्या मानेला कागदाची पट्टी गुंडाळताना सांगते.

हजार तास.

माझ्या बापाचे कुणी मोजले नाहीत.
चार गल्ल्या, तीन वस्त्या, लिंबाखालचा दगड.
धोकटीत वस्तरा, नराणी, पितळी वाटी,
नि सुगीला खळ्याच्या कडेला पसरलेलं धोतर:
टाका मालक, काय टाकायचं ते.
जावळापासून दहाव्यापर्यंत
अख्ख्या गावाच्या टाळूवरचे खड्डे त्याला पाठ होते.

नववीत मी सांगितलं, धोकटी मी घेणार नाही.
त्यानं हट्ट केला नाही.
चामड्याच्या पट्ट्यावर वस्तरा फिरवत राहिला,
एरवीपेक्षा जरा जास्त वेळ.

बँकेत लागलो तेव्हा आडनाव गावावरून लावलं.
साहेब चिडला की म्हणायचा,
ही काय हजामत केलीय लेजरची?
सगळे हसायचे.
मीही हसायचो, सगळ्यांच्या अर्धा क्षण आधी.
एकतीस वर्षं.

मिसेस वोयचिक पाठीशी उभ्या आहेत, हातात वही.
शिकवत नाहीत, नुसत्या बघतात.
आज तिला मार्क आहेत म्हणे.
पोरीच्या कपाळावर घाम, आणि कात्री अडलेली.
मला आरशात दिसतं: अंगठा पार आत गेलाय.
माझ्या तोंडून जातं,
अंगठा टोकापुरता. बाकीची बोटं गप्प ठेव.

कुणाचं वाक्य हे?
मी तर त्याच्याकडं पाठ करून गणितं सोडवायचो.

तुम्हाला कसं माहीत, ती विचारते.
मॅडमही वहीतून मान वर करतात.

माझे वडील न्हावी होते.

इंग्रजीत पाच शब्द आहेत.
मराठीत एक कमी,
तरी मराठीत मी ते कधी म्हटलेलं नाही.
बँकेत नाही, सोयरिकीत नाही, मुलाजवळ नाही.

कूल, म्हणते यारित्झा. कुठं होतं त्यांचं दुकान?
दुकान.
झाडाखाली, म्हणालो.
उघड्यावर? लकी, म्हणाली,
इथं ह्या स्प्रेच्या वासानं माझं डोकं दुखतं.
आणि कात्री सुरू झाली परत,
बारीक, न अडखळता, अंगठा टोकापुरता.

पांढरे केस पडत राहिले काळ्या फरशीवर.
ती केरसुणी घेऊन आली
तेव्हा मी पाय वर घेतले नाहीत, उठूनच उभा राहिलो.
का ते तिला कळलं नसणार.

फॉर्मवर ग्राहकाचं मत विचारलेलं.
डाव्या कानामागं जरा जास्त गेलंय.
मी 'उत्तम'वर खूण केली.
तिनं सहाशे बारा पुसून सहाशे तेरा लिहिलं.

बाहेर कालव्याकडून वारा आला, सरळ मानेवर.
पत्रे ठोकणारी पोरं भिंतीला टेकून डबे खात होती.
एकानं माझ्या डोक्याकडं बघून अंगठा वर केला.

रात्री सून म्हणाली, डावीकडं वाकडं झालंय का?
मुलगा म्हणाला, आठ डॉलरमध्ये काय होणार, बाबा.
शिकाऊ आहे, मी म्हणालो. अंगठा बसला की बसलं.

मग विचारलं,
तुला आपलं खरं आडनाव माहीत आहे का?

त्यानं लॅपटॉप मिटला.