सावकाश वाचलेल्या बातम्या

रविवारी बाबूराव लेखनिकाला सुट्टी,
म्हणून त्या वर्षी परभणीच्या एका चार पानी दैनिकासाठी
दिल्लीहून येणारं जग मी उतरवून घ्यायची.
वय चौदा. अक्षर बरं. मजुरी सव्वा रुपया,
शिवाय इल्यासभाईंच्या डब्यातली अर्धी भाकर.

रेडिओ संपादकांच्या टेबलावर, खिळ्यांच्या खणांशेजारी.
तापला की टाकळकर त्याला पुठ्ठ्यानं वारा घालायचे.
बंद मात्र करायचा नाही. पुन्हा लागेल याची खात्री नसायची.
त्यामुळे सगळा रविवार माझ्या अंगावरून जायचा.

सकाळी संस्कृत. कळायचं नाही,
पण 'अस्ति' आलं की मी मान हलवायची.
मग मुलांचा कार्यक्रम; तिथली मुलं इतकी शुद्ध हसायची
की आमच्या गल्लीतल्या हसण्याची मला लाज वाटायची.
मग एक साहेब बोंडअळीवर.
मग एक बाई, लोणच्याला बुरशी का येते,
आणि जन्मात कधी चहासुद्धा न केलेले टाकळकर
तेवढ्यापुरतं प्रूफ बाजूला ठेवायचे.
दुपारी श्रुतिका. एकदा दार वाजलं,
बाई म्हणाली, "तुम्ही? इतक्या वर्षांनी?"
आणि वीज गेली.
कोण आलं होतं, मला आजतागायत माहीत नाही.

आणि मग त्या बातम्या.
खोल आडातून पोहरा ओढावा तसा
हात बदलत, दम घेत येणारा आवाज:
"मंत्रिमंडळाने, स्वल्पविराम,
काल सायंकाळी, स्वल्पविराम…
नाव पुन्हा सांगतो."
नाव पुन्हा सांगतो, असं
आमच्या घरात कधी कुणी म्हणालं नव्हतं.

त्या कार्तिकात एका रविवारी नुसती खरखर.
मंत्री अर्ध्यावर बुडाले, आकडे वाहून गेले.
इल्यासभाई आतून ओरडले, "बेटा, चार ओळी कम हैं!"
टाकळकर बाहेर गेलेले. मशीन थांबलेलं.
मी दुपारचं हवामान आठवलं आणि लिहून दिलं:
'मच्छीमारांनी पुढील सूचना मिळेपर्यंत
समुद्रात जाऊ नये.'

सोमवारी बाजारात लोक हसले म्हणे.
भुसाराच्या दुकानात कुणी विचारलं,
"काय शेठ, होडी काढली का?"

मंगळवारी येलदरीहून एसटीनं एक म्हातारा आला.
सटवाजी भोई. हातात घडी घातलेला अंक,
नातवानं वाचून दाखवलेला.
"आमचं पानी धरनाचं," तो म्हणाला,
"पर पेपरात मच्छीमार लिवलंय, आन् मच्छीमार तर आमीच.
दोन दिस जाळी वर हायेत.
ती फुडली सूचना कवा येनार?"

इल्यासभाई हातातल्या खिळ्याकडे बघत राहिले.
खरं सांगायला हवं होतं.
मी उठून उभी राहिले,
आणि माझ्या तोंडातून तो दिल्लीचा आवाज निघाला:
"आजपासून, स्वल्पविराम,
जायला हरकत नाही, पूर्णविराम."

"पुन्ना सांगा," तो म्हणाला.
मी पुन्हा सांगितलं.

पुढच्या रविवारी, बोंडअळी आणि लोणच्याच्या मध्ये कधीतरी,
टेबलावर एक मरळ येऊन पडला,
आमच्याच अंकात गुंडाळलेला.
टाकळकरांनी नाक धरलं, रेडिओ सरकवला.
इल्यासभाईंनी ओला कागद सोलून काढला
आणि माशाच्या कुशीवर बोट ठेवलं.
शाई उतरली होती. अक्षरं उलटी,
खिळ्यावर असतात तशी;
आमच्या प्रेसमध्ये ती एकट्यालाच वाचता यायची.
ते वाकले. सावकाश, शब्दाशब्दाला थांबत
त्यांनी मला ती बातमी दिली,
आणि सवयीनं मी पेन्सिल उचलली.